किंमत पडली, यील्ड चढले: त्या १६ टक्क्यांत नेमके काय दडले आहे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. एका बिगरबँक वित्त कंपनीचे साडेनऊ टक्के वार्षिक व्याजाचे, एक हजार रुपये दर्शनी किमतीचे ५० एनसीडी (शेअरमध्ये रूपांतर न होणारे कर्जरोखे) तुम्ही इश्यूमध्ये घेतले होते. मुदत संपायला आता दोन वर्षे उरली आहेत आणि तोच रोखा आज ऑनलाइन ८९० रुपयांना, १६.४ टक्के यील्डने, म्हणजे आजच्या भावाने घेऊन मुदतीपर्यंत ठेवल्यास पडणाऱ्या वार्षिक परताव्याने, मिळतो आहे. त्याच कंपनीचा, सहा महिन्यांनी मुदत संपणारा दुसरा रोखा ९५० रुपयांना आहे; मुदतीअंती त्याचे व्याजासकट १,०४५ रुपये यायचे आहेत आणि त्याचे यील्ड २१ टक्के दाखवले आहे. कंपनीने आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही. तुम्ही विचारता की व्याज होते तेवढेच असताना हे १६ टक्के देणार कोण, किंमत पडल्याने यील्ड वाढत असेल तर पडती किंमत ही चांगली बातमी का मानू नये, आणि आणखी रोखे घ्यावेत की आहेत तेही विकून टाकावेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निव्वळ गणिताचे आहे. आज ८९० रुपये घालणाऱ्याला पहिल्या वर्षाअखेर ९५ रुपये, दुसऱ्या वर्षाअखेर ९५ रुपये आणि मुद्दलाचे १,००० रुपये, असे एकूण १,१९० रुपये मिळायचे आहेत. म्हणजे ३०० रुपयांचा फायदा, आणि त्यातले १९० कंपनीचे व्याज. उरलेले ११० रुपये कंपनी जास्तीचे देत नाही. इश्यूमध्ये हजार रुपये भरलेल्या आणि आज ८९० घेऊन बाहेर पडलेल्या माणसाने ते सोडून दिलेले आहेत. विकणाऱ्याचा तोटा आणि घेणाऱ्याचा संभाव्य फायदा ही एकाच रकमेची दोन नावे आहेत. मग प्रश्न असा उरतो की त्याने ११० रुपयांवर पाणी का सोडले, आणि या उत्तराचा बाकीचा भाग त्याच प्रश्नाभोवती फिरणार आहे.

मुंबईच्या रोखेबाजारात पंचवीसएक वर्षे काढल्यावर नवख्यांना मी पहिली गोष्ट ही सांगतो की बाजारात ठरतो तो फक्त भाव. यील्ड कोणी ठरवत नाही, ते त्या भावातून काढले जाते, आणि काढताना एक मोठे गृहीतक मुकाट्याने आत शिरते. प्रत्येक हप्ता आणि सगळे मुद्दल ठरल्या दिवशी, ठरल्या रकमेत येणारच, हे ते गृहीतक होय. त्यामुळे स्क्रीनवरचे १६.४ टक्के हा कंपनीने शब्द पाळला तर मिळणारा परतावा आहे. तुम्हाला सरासरीने किती मिळण्याची शक्यता आहे, याचा तो अंदाज नाही. बँकेच्या ठेवीचा दर आणि रोख्याचे यील्ड शेजारीशेजारी मांडून तुलना करणाऱ्यांची चूक नेमकी येथे होते.

बुडण्याची भीती मुळीच नसली तरी किंमत पडू शकते, हे आधी वेगळे काढू. केंद्र सरकारचा ५.७९ टक्क्यांचा, २०३० मध्ये मुदत संपणारा रोखा मे २०२० मध्ये आला, तेव्हा करोनामुळे व्याजदर तळाला गेलेले होते. दोन वर्षांनी, ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर रेपो दर ४.०० वरून ४.४० टक्के केला. त्या एका दिवसात दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचे यील्ड सुमारे ७.१ वरून ७.४ टक्क्यांच्या जवळ गेले, आणि जूनमध्ये ते साडेसातच्या वर होते. आता आठ वर्षे उरलेल्या ५.७९ टक्क्यांच्या कागदाचा (बाजारात रोख्याला आम्ही कागदच म्हणतो) हिशेब साडेसात टक्क्यांनी केला, तर शंभराच्या रोख्याला ९० रुपये येतात. सरकारने काहीही बुडवलेले नाही आणि व्याजाचा एकही हप्ता उशिरा आलेला नाही. तरीही दहा रुपये गेले, कारण नवा रोखा साडेसात देत असताना पावणेसहाचा जुना कागद कोणी शंभराला घेणार नव्हता. ज्याला २०३० पर्यंत थांबता येते त्याला हे दहा रुपये परत मिळतात. ज्याला मध्येच विकावे लागते त्याचे मात्र हाल होतात. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये बुडाली तेव्हा तिच्याकडचे कागद बहुतांश अमेरिकी सरकारचे किंवा सरकारी पाठबळ असलेल्या संस्थांचेच होते.

म्हणून पडलेली किंमत दिसली की पहिली चौकशी अशी करायची: त्याच मुदतीच्या सरकारी रोख्याचे काय झाले? तोही तेवढाच पडला असेल तर बाजारातले व्याजदर बदलले आहेत, कंपनीचा त्यात दोष नाही. सरकारी रोखा जागच्या जागी आहे आणि तुमचाच पडला असेल तर विश्वास ढळला आहे. या दोन यील्डमधल्या अंतराला आम्ही स्प्रेड म्हणतो. तुमच्या उदाहरणात हिशेबाच्या सोयीसाठी दोन वर्षांचा सरकारी रोखा ७ टक्के देतो असे धरू. तुमचा १६.४ देतो, म्हणजे स्प्रेड ९.४ टक्के झाला. इश्यूच्या वेळी तो अडीच टक्क्यांच्या आसपास असावा.

हा स्प्रेड उलगडून पाहण्यासारखा असतो, आणि त्याला शाळेतल्या गणिताहून जास्त काही लागत नाही. समजा कंपनी बुडाली तर हजार रुपयांच्या कागदामागे शेवटी ३५० रुपये हाती येतात. समजा ती दरवर्षी बुडण्याची शक्यता १२ टक्के आहे. पहिल्या वर्षाअखेर ८८ टक्के शक्यतेने ९५ रुपये आणि १२ टक्के शक्यतेने ३५० रुपये, म्हणजे सरासरी १२५ रुपये ६० पैसे. कंपनी दोन्ही वर्षे तगण्याची शक्यता ८८ टक्क्यांच्या ८८ टक्के, म्हणजे सुमारे ७७ टक्के. तिला १,०९५ ने गुणायचे आणि दुसऱ्या वर्षी बुडण्याच्या साडेदहा टक्क्यांना ३५० ने. ती बेरीज ८८५ रुपयांच्या जवळ येते. आता या दोन्ही रकमा सरकारी ७ टक्क्यांनी आजच्या तारखेला आणल्या, पहिली एक वर्ष आणि दुसरी दोन वर्षे, की ११७ आणि ७७३ मिळतात. बेरीज ८९०.

बाजाराने लावलेली किंमत आणि ही बेरीज जुळते, हे लक्षात घ्या. म्हणजे ८९० ही किंमत तुम्हाला असे सांगते की दरवर्षी १२ टक्के, दोन वर्षांत मिळून जवळपास २३ टक्के, इतकी बुडण्याची शक्यता असेल तर या कागदातून सरासरीने सरकारी रोख्याइतकेच, सातच टक्के, मिळतील. प्रत्यक्षातली शक्यता यापेक्षा काहीशी कमी असते, कारण खरेदीदार निव्वळ सरासरी नुकसानीची भरपाई मागून थांबत नाही. झोप उडण्याचाही मोबदला मागतो आणि मध्येच विकायला गिऱ्हाईक न मिळण्याचाही. तरी बाजाराच्या बोलण्याचा रोख या आकड्यातून कळतो. आणि सरासरी हा शब्द तुमच्यासारख्याला फसवा आहे. असे शंभर वेगवेगळे कागद बाळगणाऱ्या फंडाला सरासरी लागू पडते. एकच कागद बाळगणाऱ्याला एकतर पुरते १६.४ टक्के मिळतात किंवा घातलेल्या ८९० मधले ५४० जातात. सात टक्के त्याला कधीच मिळत नाहीत.

एखाद्या कंपनीला अजून एकही हप्ता चुकलेला नसताना बाजार असे का वागतो, याला आपल्याकडे २०१८ च्या सप्टेंबरहून बोलके उदाहरण नाही. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएसला ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सर्वोच्च, मानांकन होते; सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ते घसरत डी, म्हणजे थकीत, झाले. तिच्या कागदांचा व्यवहार बाजारात फारसा होतच नसे. जो तो आपापल्या पेटीत ठेवून बसलेला, त्यामुळे भाव पडण्याला जागाच नव्हती आणि इशारा म्हणून यील्डचा उपयोग झाला नाही. व्यवहार न होणाऱ्या रोख्याचा स्क्रीनवरचा भाव हा बऱ्याचदा कोणीतरी सूत्राने काढलेला आकडा असतो, हे तेव्हा अनेकांना किंमत मोजून कळले.

गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएल कंपनीचे उलटे झाले. त्याच वर्षी मे महिन्यात तिने नऊ टक्क्यांच्या आसपास व्याजाचे ट्रिपल ए एनसीडी सर्वसामान्यांना विकले होते. २१ सप्टेंबरला बाजारात बातमी पसरली की एका म्युच्युअल फंडाने तिचे सुमारे ३०० कोटी रुपयांचे कमर्शियल पेपर, म्हणजे अल्पमुदतीच्या कर्जाचे कागद, ११ टक्के यील्डने विकून टाकले आहेत. ट्रिपल ए कंपनीच्या अल्पमुदतीच्या कागदाला ११ टक्के म्हणजे विकणाऱ्याला भावाची पर्वा नाही, असा अर्थ सगळ्यांनी लावला. त्या दिवशी कंपनीचा शेअर चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळला. माझ्या टेबलावरचे फोन दुपारभर वाजत होते आणि प्रत्येक फोनवर एकच प्रश्न होता, ‘डीएचएफएलला बिड आहे का?’ बिड, म्हणजे खरेदीचा भाव, सांगायला कोणी तयार नव्हते. मानांकन संस्थेने पहिली पायरी उतरवली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये, आणि व्याजाचा हप्ता चुकला तो ४ जून २०१९ रोजी. भाव सप्टेंबरात बोलला, मानांकन फेब्रुवारीत बोलले आणि कंपनी जूनमध्ये. मानांकनाला मी निरुपयोगी म्हणणार नाही, पण ते पाहताना त्याची तारीखही पाहावी.

येथे एक गोष्ट बहुतेक स्पष्टीकरणांत राहून जाते. बुडण्याची भीती वाढली म्हणून यील्ड वाढते, एवढेच सांगून लोक थांबतात. वित्त कंपनीच्या बाबतीत बाण उलट्या दिशेनेही जातो. जुन्या रोख्याचे यील्ड १६ टक्के झाले म्हणून कंपनीला जुन्या रोख्यावर एक पैसाही जास्त द्यावा लागत नाही, हे खरे. पण अशी कंपनी जुने कर्ज नफ्यातून फेडत नसते, नवे कर्ज काढून फेडत असते. गृहकर्ज दिलेले असते पंधरा-वीस वर्षांचे आणि त्यासाठी उचललेला पैसा असतो तीन महिन्यांचा, वर्षाचा, तीन वर्षांचा. बाजारात तिचा जुना कागद १६ टक्क्यांनी मिळत असताना नवा कागद १० टक्क्यांनी कोण घेईल? आणि १६ टक्क्यांनी पैसा उचलून ११ टक्क्यांच्या गृहकर्जात घालणारी कंपनी किती दिवस टिकेल? म्हणजे भीतीने भाव पडतो, पडलेल्या भावामुळे नवा पैसा आटतो आणि आटलेल्या पैशामुळे ती भीती खरी ठरते. कंपनीचा ताळेबंद तोच असतो, फक्त पुढच्या हप्त्याची सोय नाहीशी होते. सप्टेंबर २०१८ नंतर कितीतरी वित्त कंपन्या याच कात्रीत सापडल्या. ज्यांच्यामागे भक्कम प्रवर्तक किंवा बँकांची मंजूर कर्जमर्यादा होती त्या सुटल्या.

आता त्या ३५० रुपयांविषयी, कारण सगळा हिशेब त्यावर उभा आहे. तुमचा एनसीडी ‘सुरक्षित’ आहे, म्हणजे कंपनीच्या येणे कर्जांवर त्याचा बोजा आहे आणि डिबेंचर ट्रस्टी तुमच्या वतीने तो सांभाळतो. तारण असले तरी पैसे लगेच मिळतात असे नाही. डीएचएफएलचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये बरखास्त केले आणि पिरामल समूहाकडे कंपनी गेली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. मान्य झालेले दावे सुमारे ८७,००० कोटी रुपयांचे होते. पिरामल समूहाने ३४,२५० कोटी दिले, त्यातले १४,७०० कोटी रोख आणि १९,५५० कोटींचे नवे रोखे, दहा वर्षांचे, ६.७५ टक्क्यांचे. म्हणजे बुडालेल्या रोख्यापोटी निम्म्याहून जास्त परतावा पुन्हा रोख्याच्याच रूपात मिळाला, आणि तो ज्याला विकून मोकळे व्हायचे होते त्याला पुन्हा त्या दिवशीचे यील्ड पाहावे लागले. वसुलीचा आकडा ऐकताना ती केव्हा आणि कशात मिळाली, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तारणाच्या उलट टोकाला बँकांचे एटी-१ रोखे असतात, म्हणजे बँक संकटात आली की शून्यावर आणता येणारे बिनतारणी रोखे. येस बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-१ रोखे १४ मार्च २०२० रोजी शून्यावर आणले गेले, आणि त्याच बँकेतल्या ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले. कंपनी एकच असली तरी रांगेतली जागा कागदागणिक निराळी असते. तुमच्या कागदाला ही अडचण नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

सौदे करताना एक खूण आम्हाला फार लवकर कळते. धडधाकट कागदाचा व्यवहार यील्डमध्ये बोलला जातो: ‘सात पस्तीसला देतोस का?’ कागद आजारी पडला की बोलणे हळूच किमतीवर येते: ‘शंभराला चाळीस.’ कारण तोवर मुदत निरर्थक झालेली असते. कंपनी बुडणारच असेल तर सहा महिन्यांचा आणि सहा वर्षांचा, दोन्ही सारख्या हुद्द्याचे कागद एकाच वसुलीकडे चाललेले असतात आणि त्यांची किंमत एकमेकींजवळ येते. मग त्या किमतीतून यील्ड काढले की कमी मुदतीच्या कागदाचा आकडा अचाट दिसतो. ग्रीसमध्ये सप्टेंबर २०११ मध्ये एक वर्षाच्या सरकारी रोख्याचे यील्ड शंभर टक्क्यांच्या वर गेले होते, आणि दहा वर्षांच्या रोख्याचे त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास होते. कोणाला शंभर टक्के व्याज मिळणार होते असा त्याचा अर्थ नव्हता. मार्च २०१२ मध्ये खासगी रोखेधारकांच्या दर्शनी मूल्यातून ५३.५ टक्के कापले गेले.

याच चष्म्यातून तुमच्या दुसऱ्या कागदाकडे पाहा. ९५० चे सहा महिन्यांत १,०४५ होणार, म्हणजे दहा टक्के, वर्षाचे एकवीस. तोच हिशेब पुन्हा केला, तर सहा महिन्यांत बुडण्याची शक्यता सुमारे ९ टक्के निघते. दोन वर्षांच्या कागदातून निघालेले वर्षाला १२ टक्के म्हणजे सहा महिन्यांना सहाच्या आसपास. दोन्ही कागद एकाच कंपनीचे असून बाजार पुढच्या सहा महिन्यांना नंतरच्या दीड वर्षापेक्षा जास्त घाबरतो आहे. मला हे १६ टक्क्यांपेक्षा अधिक खटकले. अशा वेळी या सहा महिन्यांत बहुधा एखादी मोठी परतफेड असते, आणि तिची सोय झालेली आहे असे बाजाराला अजून पटलेले नसते. कंपनीच्या वार्षिक अहवालात आणि गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणात येणे-देण्याचा मुदतवार तक्ता असतो. तो उघडून येत्या सहा महिन्यांत किती द्यायचे आहे आणि हाताशी रोकड, मंजूर पण न उचललेली कर्जमर्यादा किती आहे, हे तपासा. अर्ध्या तासाचे काम आहे.

सहा महिन्यांचा कागद ‘जवळचा म्हणून सुरक्षित’ समजून घेण्याचा मोह मात्र टाळा. कंपनी त्या परतफेडीवरच अडखळली तर दोन्ही कागद ३५० लाच येणार. तेव्हा ९५० ला घेतलेल्यावर ६०० रुपये जातील आणि ८९० ला घेतलेल्यावर ५४०. संकटातल्या कंपनीचे कागद घेणारे मुरलेले लोक म्हणूनच मुदत न पाहता सर्वांत स्वस्त कागद शोधतात. तो त्यांचा पूर्णवेळ धंदा आहे आणि त्यांच्या पेटीत असे तीस-चाळीस कागद असतात. निवृत्तीच्या पैशातून एक-दोन कागदांवर तो करता येत नाही. करानेही येथे घात होतो, कारण मिळालेल्या व्याजावर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे दरवर्षी कर लागतो आणि बुडालेले मुद्दल त्या व्याजातून वजा करता येत नाही.

आणखी घेऊ नयेत, असे माझे मत आहे. आहेत त्या पन्नासांबद्दल, तुम्ही हजाराला घेतले होते हे काही वेळ विसरावे लागेल. विकले तर आज ४४,५०० रुपये येतील. ते रोख हातात असते, तर त्यातले किती रुपये तुम्ही आज या एका कंपनीला, तो मुदतवार तक्ता पाहून, उसने दिले असते? जितके दिले असते तितक्याच रुपयांचे कागद ठेवा आणि बाकीचे विका. विकताना भाव एकदम स्वीकारू नका. एक्स्चेंजवर या कागदाची शेवटची उलाढाल कोणत्या तारखेला आणि किती नगांची झाली ते आधी पाहा, आणि सांगितलेल्या भावात मागच्या हप्त्यापासून साचलेले व्याज धरले आहे की वेगळे मिळणार आहे, हे लेखी विचारून घ्या.